सपत्नीक सत्कार
परवा एका पत्रिकेवर ‘सपत्नीक सत्कार’ हे शब्द वाचले आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाचं ते दुष्काळी वर्ष आठवलं. गावाला आठवड्याला एकदा पाणी यायचं, पण आमच्या कॉलेजच्या कबड्डीच्या मैदानावर रोज टँकर रिकामा व्हायचा, कारण नव्या जिल्ह्याचं पहिलं विजेतेपद आम्हालाच हवं होतं. संघात मी राखीव खेळाडू, म्हणजे टॉवेल सांभाळण्यात तरबेज. एका सकाळी कोच सरांची बायको प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मैदानावर आली आणि प्राचार्यांना म्हणाली, “ह्यांनी मोडला. तुमचा नोकर हाय, तुम्हीच त्याला आवरा.” प्राचार्य म्हणाले, “ताई, फायनल होऊ द्या, मग बघू.” आम्ही जिंकलो, आणि त्या थोर माणसानं बघितलं ते असं, की सरांचा सपत्नीक सत्कार ठेवला. काकूंना आणायला मला पाठवलं. मी गाढव म्हणालो, “काकू, चला की, लई भारी साडी हाय.” त्या आल्या. स्टेजवर साडी पुढे येताच मात्र माइकजवळ जाऊन म्हणाल्या, “साडी नको. मी तक्रार केली होती, एवढं लिहून द्या. पोलिसांत दाखवायचंय.” सर हार सावरत हसले. प्राचार्य गडबडीनं ओरडले, “राष्ट्रगीत!” सगळं सभागृह उठलं, आणि काकूंचा आवाज आम्ही सुरात बुडवला. आता केस पिकले, पण इतका ताठ मी पुन्हा कधीच उभा राहिलो नाही.