खेळपट्टीतलं आमचं शेत

माझे सासरे, आमचे बाबा, कधी क्रिकेट खेळले नाहीत. नियमही त्यांना निम्मेच ठाऊक. पण चर्चगेटजवळच्या जुन्या स्टेडियममध्ये सामना असला, की ते टीव्हीसमोरून हलत नसत. कॅमेरा खेळपट्टीजवळ गेला की म्हणत, "ही आपली जमीन." कोणी बाद झाला की, "फसला आपल्या शेतान."

ते तरुण असताना खाडीकाठच्या पेणकरपाड्यातल्या आमच्या भातशेताची काळी, चिकट माती दोन ट्रक भरून त्या खेळपट्टीसाठी गेली होती. पुढे शेतावर इमारत उभी राहिली आणि तिच्याच तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहू लागलो. खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. आपलं शेत अजून उघडं असेल, ऊन खात असेल, तर ते फक्त त्या स्टेडियममध्ये, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते म्हणाले, "पाय चालतान तवर येकदा दाखव मना."

मी कामाला लागले. ऑफिसातल्या मैत्रिणीचे काका तिथले सभासद. त्यांच्याकडून एका सकाळची परवानगी मिळवली. टोपी, पाणी, घडीची खुर्ची, दहा वाजताची बीपीची गोळी, सगळं लिहून काढलं. शेवटी तिथली खेळपट्टी सांभाळणाऱ्या ग्राउंड्समनना फोन केला.

"या की," ते म्हणाले. "पण ती माती कुठली राहिली आता? पार खाली खोदून बदलली आम्ही. दोनदा."

'बाबांना सांगणे' असं मी यादीत लिहिलं. पुढचे चार दिवस त्यापुढे टिक पडली नाही. रोज सकाळी चहा देताना सांगायचं मी ठरवी आणि ते विचारत, "गाडी कितीला येनार?" त्यांच्याकडे शेताचा एवढाच तुकडा उरला होता. तो मी काढून घेऊ? ग्राउंड्समनना पुन्हा फोन करून सांगितलं, काही बोलू नका.

स्टेडियमच्या जिन्यात अंधार होता. वर आलो आणि समोर एकदम हिरवं. इतकं मोठं, इतकं रिकामं, की आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. हजारो खुर्च्या, माणूस एकही नाही. वर घारी संथ फिरत होत्या. समुद्राचा वारा स्टँडवरून उतरत होता आणि गवतावरून त्याची सावली सरकल्यासारखी वाटत होती. दूर कुठेतरी पाण्याच्या पाइपची सळसळ. कोणी हाक मारली असती तर ती आमच्यापर्यंत पोचायला दुपार झाली असती. बाबांच्या डोक्यावर टोपी घालायची, हे मला आठवलंच नाही. दहाची गोळीसुद्धा अकराला दिली.

ग्राउंड्समन माझ्याच वयाचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खेळपट्टीभोवती दोरी होती.

"काका, दोरीच्या आत नाही हं. कप्तानालाही मी बूट बघून सोडतो."

"मालक हाय मी," बाबा म्हणाले.

ग्राउंड्समननी माझ्याकडे पाहिलं. मी गवताकडे.

दोरीबाहेर डागडुजीसाठी मातीचा छोटा ढीग ठेवला होता. बाबा त्याच्यापाशी उकिडवे बसले, एक बारीक ढेकूळ उचललं आणि जिभेवर ठेवलं.

"अहो काका, नाश्ता करून नाही आलात?"

बाबांनी डोळे मिटले होते. खाडीकाठची ही त्यांची जुनी सवय. भरतीचं पाणी शेतात शिरलं की नाही, हे तिकडची माणसं माती चाखून ओळखत. मी जागेवरून हलले नाही. घारींच्या सावल्या गवतावरून गेल्या, परत आल्या.

"आपली न्हाय," ते म्हणाले. "ही गोड हाय. आपली मागनं जराशी खारट लागं."

आता गप्प राहणं मला जमेना. "बाबा, मला ठाऊक होतं. फोनवरच कळलं होतं."

"मंग आनलंस कशाला?"

"तुम्हाला यायचं होतं म्हणून."

ते माझ्याकडे बघेनात. रिकाम्या स्टँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर सावकाश गेली, जणू बांधाबांधाने चालताहेत. मग ग्राउंड्समनना विचारलं, "कशाला बदलली?"

"रोलर फिरवून फिरवून मरते ती, काका. चेंडू उसळेना मग."

बाबांनी बराच वेळ मान हलवली. "आमीपन दर साली खाडीचा गाळ टाकू. नुसत्या जुन्या मातीन भात कोन लावील?"

"तेच तर."

"मंग बरा केलास."

ग्राउंड्समन क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दोरी वर उचलली. "चपला काढा. कडेकडेने या, मधे पाय नाही."

बाबा वाकून आत गेले. मी बाहेरच थांबले.

"आता सांगा, मालक," ग्राउंड्समन म्हणाले. आवाजात थोडी चेष्टा होती, पण सगळी नव्हे. "नळ सोडून ठेवलाय. पाणी आज मारू की उद्या?"

बाबांनी मातीत अंगठा दाबला. काढला. पुन्हा थोडं पलीकडे दाबला. वारा चालू होता, घाई कोणालाच नव्हती.

"आज नको," ते म्हणाले. "खाली ओल हाय."

ग्राउंड्समननी स्वतः अंगठा दाबून पाहिला, आणि नळ बंद करायला निघाले.