माझीच कॉफी, तीन वेबसाइटवर

चार वाजता लोकेशला टर्मिनेशन लेटर जाणार होतं, तेही माझ्या एका पानी नोटच्या जोरावर. आणि तीन वाजून दहा मिनिटांनी मला कळलं, की ती नोट खोटी आहे.

मी बसवनगुडीच्या ऑफिसात शब्द तपासते. एखादा शब्द कुठून आला, कुणाला झोंबतो, हे लिहून द्यायचं. तीच आमची नोट. लोकेश आमच्याच यशवंतपूरच्या सपोर्ट टीममधला. त्याने मेलमध्ये स्वतःच्या नावाखाली ‘स्टे वोक’ लिहिलं आणि अमेरिकन क्लायंट भडकला. कंपनीचा नियम असा, की मेलमध्ये पक्षाची घोषणा दिसली की नोकरी गेली. म्हणून एचआरने मला विचारलं, “हा ‘वोक’ आला कुठून?”

मी लिहिलं, एका पक्षाच्या निवडणूक प्रचारातून. पुरावा म्हणून तीन वेबसाइट जोडल्या. नोट पाठवून निवांत डबा उघडला.

तेवढ्यात लोकेशचा फोन आला. “अक्का, जागरूक राहा, एवढाच अर्थ आहे ना? माझा कुठला आलाय पक्ष? घरी सांगायची हिंमत होत नाही हो.”

डबा बाजूला सारला. त्या वेबसाइट पुन्हा उघडल्या. शब्द वापरून दाखवायला तिन्हीकडे एकच वाक्य होतं: ‘तो इतका वोक, की वाद घालता घालता फिल्टर कॉफी गार झाली.’ अरे देवा! हे वाक्य माझं! अमेरिकन शब्दाला फिल्टर कॉफी दुसरं कोण पाजणार? काही वर्षांपूर्वी कंपनीच्या नेटवरच्या फुकट शब्दसूचीत मी ते टाकलं होतं. प्रचाराची गोष्टही माझीच, निव्वळ अंदाजपंचे. तिघांनी ती उचलली, आणि मी माझ्याच अंदाजाला पुरावा म्हणून सही ठोकली.

कपाटातले जाडजूड कोश काढले. शब्द अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतला, कितीतरी जुना. सावध राहा, जिवाला धोका आहे, असा आपल्या माणसांना दिलेला इशारा. राजकारणात आणि टोमण्यात तो नंतर शिरला.

तीन पन्नासला एचआरच्या राव सरांच्या केबिनमध्ये घुसले. “सर, लेटर थांबवा. नोट चुकली. चूक माझी.”

“स्वल्प थांबा, मॅडम. हे लिहून द्याल?”

माझी नोकरी जाताना मला दिसत होती. “सरी सर, ठीक आहे, देते.” तिथेच लिहून सही केली.

लोकेश वाचला. मेलमधली ओळ तेवढी काढायला लावली. मला मेमो मिळाला, आणि माझी प्रत्येक नोट आता दुसरं कुणीतरी तपासतं. तिन्ही वेबसाइटना चूक कळवली. एकीनेही सुधारली नाही. परवा पाहिलं, तर तीच चूक आता पाच ठिकाणी झाली होती. हल्ली कुठलाही सोर्स उघडला की मी आधी त्यात कॉफी शोधते. नाही सापडली तरी धडधड थांबत नाही.