मॅटखालची चाकोरी

नवा लाल चेंडू कोणत्या जमिनीवर कसा वागतो, हे मला आमच्या वर्धेकडच्या मैदानांनी शिकवलं. ओलसर काळ्या मातीत तो पडतो आणि थबकतो, घोट्याच्या वर उठत नाही. मुरमावर सरळ घसरत येतो आणि तासाभरात त्याची कातडी खरवडून निघते. पण त्याच मुरमावर काथ्याची मॅट ताणून खिळे ठोकले, की मॅट त्याच्या शिवणीला धरते आणि तो छातीपर्यंत उसळतो.

सत्तरचं दशक सरत होतं. मी आणि माझा एक मित्र, दोघंही पदवी घेऊन घरी बसलेलो. टायपिंगच्या क्लासला सोबत जायचो. त्याची बोटं माझ्यापेक्षा फार वेगात चालायची. वर्धेच्या एका कार्यालयात कारकुनाची एक जागा निघाली आणि आम्हा दोघांनाही टायपिंगच्या परीक्षेचं बोलावणं आलं. परीक्षा सोमवारी होती. आदल्या दिवशी, रविवारी, जाम गावच्या संघाशी आमचा सामना.

पावसाळ्यात आमच्या मैदानातून बैलगाड्या जात. चाकोरीची वाळून दगड झालेली कड खेळपट्टीवर राहिली होती. मॅट टाकण्याआधी ती कुदळीने फोडायची, हे काम माझं होतं. मी ती फोडली नाही; माझे चेंडू उसळावेत म्हणून जामवाल्यांसाठी ठेवली. शनिवारी संध्याकाळी एकट्यानेच मॅट ताणली आणि नवा चेंडू टाकून पाहिला. कडेवर पडला तो डोक्याइतका उसळला.

तेवढ्यात मित्र बॅट घेऊन आला.

"मले दोन-चार टाक ना बे. उद्या सलामीले जायचं हाय."

"हातमोजे कुठं हायेत?"

"कॅप्टनच्या घरी. काऊन, मारून टाकतं का मले?" तो हसला. "टायपिंगमंधी तर तू हरलाच हायेस. इथं तरी जोर लाव."

मीही हसलो. पहिले दोन चेंडू त्याच्या पायाशी टाकले. दोन्ही त्याने कुंपणापार धाडले.

"सोमवारी बी असाच येजो," तो म्हणाला.

तिसरा त्या कडेवर पडला. उजव्या हाताची दोन बोटं चेंडू आणि बॅटच्या दांड्यामध्ये चेचली गेली. हात गुडघ्यांत दाबून तो खाली बसला.

"मॅटखाली काय होतं बे?"

"काई नाई. नवा बॉल हाय, उसळते."

त्याला सायकलवर बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. हाडं जुळली, पण ती बोटं पुन्हा नीट वाकली नाहीत. रविवारी सगळे यायच्या आत मी मॅट उचलून ती कड फोडली आणि माती सारखी केली. सोमवारी परीक्षेला एकटाच गेलो. ती नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली.

तिसरा चेंडू मुद्दाम टाकला का, याचं उत्तर मी बरीच वर्षं टाळलं. पण पहिले दोन मी मुद्दाम कडेपासून दूर टाकले होते. म्हणजे ती कड कुठे आहे, हे त्या क्षणीही माझ्या डोक्यात होतं.

जामच्या फाट्यावर आता त्याचं चहाचं दुकान आहे. कामानिमित्त तिकडे गेलो की बस तिथेच थांबते. तो अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत ग्लास धरून आणतो आणि बाकावरच्या गिऱ्हाइकांना सांगतो,

"हा आमचा फास्ट बॉलर. याचा नवा बॉल असा उसळे, का मले दिसलाच नाई."

लोक माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मी ग्लास घेतो. चहा संपेपर्यंत मान वर करत नाही.