कणीवाले भाऊजी

स्वतःच्याच पोटावर पाय यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे मामेभाऊ, माझे भाऊजी. सिंगापुरातल्या एका धान्य व्यापाऱ्याच्या ऑफिसात ते पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशाला तांदूळ पाठवायचं काम करत. तांदूळ म्हणजे तरी काय, कणी! आपण जी आजाऱ्याला पेज करून घालतो किंवा कोंबड्यांपुढे टाकतो, ती. सेनेगलमध्ये मात्र कणीच मानाची, अख्ख्या दाण्याला तिथे फारसं कुणी विचारत नाही. भारतातून, थायलंडमधून जहाजं भरायची आणि डाकारच्या बंदरात उतरवायची, यावर भाऊजींचं घर चालायचं. अशा माणसाने तिकडे भात पिकू नये अशी इच्छा धरावी की नाही? पण छे. सिंगापुरातल्या यिशुन भागात त्यांचा फ्लॅट, तिथे सकाळचा चहा घेता घेता ते सेनेगल नदीच्या खोऱ्यातलं पाऊसपाणी बघत आणि मला फोन करत. "वहिनी, यंदा खोऱ्यात पीक झक्कास आहे." आवाज असा फुललेला, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांचीच दोन एकर आहेत तिथे.

सेनेगलला ते कधी गेले नव्हते. तरी घरात राज्य सेनेगलचंच. सिंगापुरात संध्याकाळी साडेसहाला हॉकर सेंटरमध्ये माणसं जेवायला बसतात, पण भाऊजी रात्री नऊच्या आत पानावर बसायचे नाहीत, कारण तेव्हा डाकारला दुपारचा एक वाजतो. पहिला घास हातात घेऊन म्हणायचे, "आता बसतील तिकडे जेवायला." मगच घास तोंडात. त्यांच्याकडे जायचं असलं की आम्ही सातला घरी खाऊन निघायचो आणि तिथे पुन्हा जेवायचो. कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला तांदूळ तळहातावर घेणार आणि एखाद्या बाळाचं नाक कुणावर गेलंय ते पाहावं तसा न्याहाळणार. डाकारच्या ज्या मादाम त्यांचा माल घेत, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून ते फ्रेंच शिकले. ते फ्रेंच शेजारच्या खोलीतून ऐकलं तर नाशकात कुणी भाजीवाल्याशी घासाघीस करतंय असंच वाटे. पण मादामना कळायचं, हसूही यायचं.

आम्ही सिंगापुरातच बुकित पंजांगला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचे तांदूळ भाऊजींनी आणायचे ठरले. त्यांच्यापेक्षा चांगले तांदूळ आणणार तरी कोण? आमचे गुरुजी एरवी बँकेत नोकरी करतात, पण शनिवार-रविवारी त्यांच्याइतकं कडक कुणी नाही. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तो तसाच राहिला. "अहो, ही कणी आहे. अक्षतांना अख्खा तांदूळ लागतो, तुटका दाणा चालत नाही."

"गुरुजी, हा सेनेगलला जाणारा एक नंबरचा माल आहे," भाऊजी म्हणाले.

"देवाला सेनेगलची आवड नाही."

"असं कसं? तिथेही तोच असेल ना?"

गुरुजींनी पिशवी बाजूला सरकवली. आमची शाळकरी लेक मात्र पिशवीत डोकावून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "काका, दिस राइस ऑलरेडी ब्रोकन लाह." सगळे हसले. मी खालच्या दुकानातून बासमती आणवला. भाऊजींचा चेहरा एवढासा झाला होता. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या अक्षता माझ्याकडे. एकही दाणा तुटका निघणार नाही."

त्या कणीचा भात त्यांनी पुढच्या रविवारी आम्हालाच खाऊ घातला. मासे, टोमॅटो, वांगी, कोबी घालून शिजवलेला, आणि ताटं नाहीतच. मध्ये एक मोठी परात, भोवती आम्ही सगळे. मी समोरच्या वांग्याकडे हात नेला तर म्हणाले, "वहिनी, आपल्या पुढ्यातलंच खायचं. मधलं घरची बाई वाटते." मग आमच्या जाऊबाईंनी वांगं तोडून एकेकाच्या पुढ्यात टाकलं. तळाची खरवड मात्र भाऊजींनी स्वतः खरवडून लेकीला दिली. "तिकडे हिच्यावरून भांडणं होतात. खा, खरवड खाणारीच्या लग्नात पाऊस पडतो म्हणतात, पडला तर पडू दे."

पुढे दिवस पालटले. मध्यंतरी भारताने कणी बाहेर पाठवणंच बंद केलं, तेव्हा तिकडे सगळ्यांचे डोळे उघडले. दुसऱ्याच्या जहाजावर किती दिवस जेवायचं? आपलं आपण पिकवायचं, असं तिथल्या लोकांनी मनावर घेतलं. बंदी उठली तरी मादामची मागणी पूर्वीसारखी झाली नाही. दर हंगामाला त्या थोडा माल खोऱ्यातला घेत आणि तेवढा भाऊजींचा कमी करत. भाऊजींना पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला नव्हता, नोकरी होती तोवरच राहायचा पास होता. जाऊबाई कॉरिडॉरमधल्या कढीपत्त्याला पाणी घालता घालता म्हणाल्या, "तिकडे सुगी आली की आमचं बिऱ्हाड हललंच म्हणून समजा. आणि हे पेढे वाटतील."

तसंच झालं. खोऱ्यात भरघोस पिकलं, ऑफिसने सेनेगलचं काम गुंडाळलं, आणि भाऊजींनी खरोखर पेढे आणले. मी चिडून म्हटलं, "अहो, तुमची नोकरी गेली."

"हो ना," ते म्हणाले. "पण वहिनी, त्यांचं त्यांनी पिकवलं, हे वाईट कसं म्हणू?" एवढं बोलून खिडकीकडे वळले. डोळे पुसले की काय, मी पाहिलं नाही.

सिंगापूर सोडून निघताना त्यांच्या कढीपत्त्याची कुंडी आमच्याकडे आली, आणि एक कापडी पिशवी. मादामना त्यांनी खोऱ्यातला तांदूळ मागितला होता, तोही अख्खा. "अख्खा? तो कोण खातं?" मादामनी विचारलं होतं. "खायचा नाही, नवरानवरीच्या डोक्यावर टाकायचा," भाऊजींनी सांगितलं होतं. त्यावर मादाम इतक्या हसल्या म्हणे, की फोन दुसऱ्या कुणाला तरी घ्यावा लागला. आलेला तांदूळ दोघा नवराबायकोंनी बसून दाणा दाणा निवडला होता.

लेकीचं लग्न गोरज मुहूर्तावर इथेच झालं. भाऊजींना नाशिकच्या नव्या नोकरीत रजा मिळाली नाही. गुरुजी तेच होते. कुंकू लावलेल्या अक्षता त्यांनी चिमटीत धरून पाहिल्या. "छान दाणा आहे. कुठला?"

"सेनेगलचा."

ते हसले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मग आमचे कणीवाले कुठे आहेत?"

"तिकडे पीक चांगलं आलं ना," मी म्हटलं, "म्हणून ते इथे नाहीत."

बाहेर पाऊस लागला होता. जेवणं मी मुद्दाम नऊला ठेवली होती. पाहुणे जरा कुरकुरले. कुरकुरू देत.