ताईंना उचलायचं नाही

आमच्या ताई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, यांच्याइतकं भित्रं माणूस दिग्रसातच काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचं नाही. कुकर, पाल, विजेचं मीटर, भरदुपारी वाजणारा फोन, सगळं त्यांच्या जिवावर टपलेलं असतं. कोणाच्या घरी गेल्या की त्या माणसांच्या आधी छताकडे बघतात. आर्णीच्या एका लग्नात मांडवातला पंखा जरा डुलत होता, तर भर मे महिन्यात त्यांनी आपली चाकाची खुर्ची बाहेर उन्हात लावून घेतली आणि तिथूनच अक्षता टाकल्या. त्या अक्षता दाराशी बांधलेल्या म्हशीवर पडल्या. "पंखा काही पडला नाही, ताई," मी म्हटलं. "मी खाली नव्हती म्हणून नाही पडला," त्या म्हणाल्या.

पोलिओमुळे लहानपणीच त्यांचे पाय गेले. हाताने चालवायच्या शिलाई मशीनवर त्यांनी संसार उभा केला. आमच्या नाटकमंडळाचे सगळे कपडे त्याच शिवतात. मंडळाची बाकी व्यवस्था माझ्याकडे, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. अडचण एकच होती. कापसाच्या जुन्या व्यापाऱ्यांनी बांधलेल्या आमच्या नाट्यगृहाचं जोतं पुरुषभर उंच आहे, आणि दगडी पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. प्रयोगाच्या दिवशी ताई सुई-दोरा घेऊन फाटकाशीच बसायच्या, कोणाचं बटण तुटलं तर असावं म्हणून. स्वतः शिवलेला एकही अंगरखा त्यांनी रंगमंचावर पाहिलेला नव्हता.

नटमंडळी प्रेमाने ओरडायची, "या रे चौघं, ताईले उचला." तो शब्द ऐकला की ताई पांढऱ्या पडायच्या. आमच्याकडे मयत उचलतात. "किती वाजता उचलणार?" असं कुणी विचारलं की पुढचं सांगावं लागत नाही. "चार जणायनं उचलाचं एकदाच असते, वहिनी. एवढ्यात कायले?" असं त्या म्हणायच्या. मला हसू यायचं, पण त्यांचे तळवे घामाने ओले झालेले असायचे. त्या पायऱ्यांवर चौघांतला एक जरी अडखळला तर, ही धास्ती मलाही होतीच.

शेवटी परवानगी, वर्गणी, सिमेंट, मिस्त्री अशी एकेक कामं उरकून मी पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला. मिस्त्रीचाचांचा जन्म जिनिंगच्या आवारात गेलेला. रुईच्या गठाणी, म्हणजे दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी, गाडीवर चढवायला करतात तसाच उतार त्यांनी केला, आखूड आणि उभा. वर नाट्यगृहाला शोभावी म्हणून चकचकीत फरशी. ते म्हणाले, "ताई, याच्यावरून गठाण चढते. तुम्ही कायले भेता?"

"गठाणीले जीव नसते, चाचा."

तरी त्या तयार झाल्या. त्या दिवशीच्या नाटकात राजाच्या अंगावर त्यांनी शिवलेला सगळ्यात मेहनतीचा अंगरखा होता. मी मागून खुर्ची ढकलत होते. मध्यावर माझी चप्पल सरकली आणि खुर्ची मागे येऊ लागली. मी ती छातीने अडवली. ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "सोडू नको वं, वहिनी." चाचा धावत आले, दोघांनी मिळून खुर्ची खाली घेतली. घरी आल्यावर त्यांना सुईत दोरा ओवता येईना. "मी आता फाटकाशीबी नाही येत," एवढंच बोलल्या.

चाचांना ते फार लागलं. त्यांनी फरशी फोडली, उतार पार फाटकापर्यंत लांबवला, मध्ये वळण घेतलं, खडबडीत कोबा केला, कठडा बसवला. ताई मात्र नाटकाचा विषय निघाला की मशीन जोरात चालवायच्या.

पुढच्या एका दुपारच्या प्रयोगाला त्या आपण होऊन निघाल्या. उताराशी आल्यावर मी खुर्चीच्या मुठी धरल्या.

"सोड."

"ताई, मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी तू घसरली म्हणून मी घसरली. आता माह्या हातानं जाऊन पाह्यते."

त्या चाकं रेटत निघाल्या. वळणावर थांबल्या. एका हाताने त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

"भेली काय, ताई?" चाचांनी खालून विचारलं.

"भेली ना," ताई मागे न बघता म्हणाल्या. "भेऊन राह्यली अन् चढून राह्यली."

मग त्यांनी कठडा सोडला, उरलेला चढ चढल्या आणि दारातून आत गेल्या. घंटा झाली. मी खालीच उभी होते, मुठी धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून, आणि ते मागे घ्यायचं मला सुचत नव्हतं.