आईच्या केसांची पुडी

केसांतल्या प्रथिनाची ठेवण क्ष-किरणांनी तपासणं, हे माझं पीएचडीचं काम. केसांची जुडी ताणून धरायची, तिच्यातून किरण सोडायचे आणि पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांवरून, कमानींवरून आतले रेणू कसे रचलेत ते ओळखायचं. केस मात्र रंग, मेंदी, स्ट्रेटनिंग यांतलं काहीही न लागलेले हवेत. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा असं एकही डोकं सापडेना. शेवटी सदाशिव पेठेत घरी येऊन आईकडेच मागितले.

"डोक्यातलं संपलं, म्हणून आता केसांत शोधतोस का?" असं म्हणत तिने वेणीच्या टोकाची वीतभर जुडी कापून दिली. त्यातलं खोबरेल काढायलाच मला दोन दिवस लागले. पुडीवर मी 'नमुना एक' असं लिहिलं. केस कुणाचे ते सरांना सांगितलं नाही. उगाच हसले असते.

गेल्या श्रावणात आई गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर बहिणीने तिचं कपाट आवरलं, फणीसुद्धा टाकून दिली. मी तिच्यावर इतका ओरडलो की दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

महिन्याभराने आमच्या पेपरवर परीक्षकांचा शेरा आला: वाफेत ताणल्यावर प्रथिनाची वेटोळी सरळ होतात, हे पुन्हा करून दाखवा. सर म्हणाले, "नमुना एक उरलाय ना? तोच घ्या."

बाकीचे केस आधीच्या चाचण्यांत गेले होते. पुडीत मोजून नऊ उरले होते. ताणताना काही तुटतात, वाचतात ते किरणांनी ठिसूळ होतात. हे सांगायला तोंड उघडायला हवं होतं. मी "हो सर" म्हणालो. पेपर लवकर छापून यावा एवढंच मला हवं होतं, खोटं कशाला बोलू?

वाफेवर चार तुटले. पाचांचं चित्र दुपारपर्यंत आलं, अगदी सुरेख. सरांनी पडद्यावर त्याच्या शेजारी नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थिनीच्या, तशाच वाफेत ताणलेल्या केसांचं चित्र लावलं. कमानी जागच्या जागी, तसूभर फरक नाही. आईचं असं त्यात काहीच नव्हतं. तरी मी बराच वेळ शोधत राहिलो.

"अहो, मग हिचेच घ्यायचे होते," सर म्हणाले. "कुणाचेही चालले असते."