कॅप उंच, घासले माझे दात

वरच्या दाढेवर नवी कॅप बसवली आणि तोंड मिटलं की तीच आधी टेकायला लागली. चंद्रपूरच्या त्या दातांच्या डॉक्टरानं कॅपला हातही लावला नाही. मशीन घेऊन खालचे माझे धडधाकट दात घासायला लागला.

मी त्याचा हात धरला. "डॉक्टर, कॅप उंच हाये, तर माहे दात काऊन घासून राह्यले?"

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?" म्हणत त्यानं आणखी एक दात घासला.

पुढे आरमोरीच्या डॉक्टरीणबाईंनी कॅपच जराशी घासली आणि दात लगेच जुळले. पण घासलेले दात काही परत वाढत नाहीत. थंड पाण्यानं कळ मस्तकात जाते. हे सांगायला मी पुन्हा त्याच्याकडे गेले, तर मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "सवय होईल."

असल्या माणसाला डॉक्टर म्हणायचीही मला शिसारी येते.